‘मॉडर्न टाइम्स’मधील दोन भोजनप्रसंग : कामगाराच्या सोयीसंबंधी एक चिकित्सा

प्रस्तावना

माणसाला कामाशी जुळवून घ्यायला लावण्याऐवजी काम माणसाशी जुळवून घ्यावे, हे अर्गोनॉमिक्स या ज्ञानशाखेचे सूत्र आहे. पोलिश अभ्यासक वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी ही संज्ञा १८५७ मध्ये योजिली. ज्ञानशाखा म्हणून तिची उभारणी मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. चार्ली चॅप्लिन यांचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) हा त्यापूर्वीचा चित्रपट. मंदी व बेकारीचे चित्रण म्हणून त्याची चर्चा होते. प्रस्तुत लेखात त्यातील कारखान्याची दृश्ये कामगाराची सोय व सुरक्षितता या अंगाने तपासली आहेत.

विवेचन

सरकत्या पट्ट्यावरील नट आवळणे एवढेच नायकाचे काम. पट्ट्याची गती दूरच्या दालनात बसलेला मालक ठरवतो. अंग खाजवण्याइतकी उसंत घेतली तरी सारी रांग विस्कळीत होते. पट्ट्यापासून दूर गेल्यावरही नायकाचे हात त्याच झटक्यांनी हलत राहतात. प्रेक्षक हसतो, परंतु एकाच हालचालीची पुनरावृत्ती, लादलेला वेग आणि अपुरी विश्रांती यांचा शरीरावर होणारा परिणामच येथे नेमका टिपला आहे.

याच कारखान्यात कामगाराला भरवणारे यंत्र दाखवले जाते. सूप गार करण्याची, कणीस फिरवण्याची आणि तोंड पुसण्याचीही सोय त्यात आहे. वरवर पाहता ही कामगाराची बडदास्तच; उद्देश मात्र जेवणाची सुट्टी वाचवण्याचा. यंत्र बिघडते, नायकाच्या तोंडात लोखंडी नटही कोंबले जातात. मालक ते यंत्र नाकारतो, पण कामगाराला इजा होते म्हणून नव्हे, तर ते व्यवहार्य नाही म्हणून.

चित्रपटाच्या उत्तरार्धात या प्रसंगाला उत्तर मिळते. यंत्रात अडकलेल्या वयस्क यांत्रिकाला जेवणाच्या सुट्टीत नायक स्वतःच्या हाताने भरवतो. साधने ओबडधोबड आहेत, सांडलवंड होते; तरीही भरवणाऱ्याचे लक्ष समोरच्या माणसाच्या भुकेकडे आहे. सोय कोणासाठी, हा भेद या दोन प्रसंगांतून स्पष्ट होतो. १९३१ मध्ये लंडन येथे गांधीजींशी झालेल्या भेटीत चॅप्लिन यांनी यंत्रविरोधाबद्दल प्रश्न विचारला होता. चित्रपटाचा रोखही यंत्रापेक्षा त्याच्या गतीवरील मालकीकडे आहे.

चित्रपटाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. पट्ट्याविरुद्ध नायकाचे बंड हे मनोविकाराच्या झटक्याच्या रूपाने येते आणि त्याची परिणती रुग्णालयात होते. पट्ट्याची गती ठरवताना कामगारांचे म्हणणे विचारात घ्यावे, ही शक्यता चित्रपटात आकारास येत नाही. अखेरीस नायक रस्त्याने चालू लागतो. कारखान्याची रचना मात्र होती तशीच राहते.

निष्कर्ष

खुर्चीची उंची, टेबलाचा उतार, प्रकाशाची दिशा यांचे मोजमाप आवश्यकच आहे. परंतु वाचलेला वेळ कामगाराच्या विश्रांतीत जमा होतो की उत्पादनाच्या वाढीव लक्ष्यात, यावर त्या सुधारणेचे मोल ठरते. भरवणाऱ्या यंत्रातही थाळीची आणि तोंड पुसण्याची व्यवस्था होती. जेवणाऱ्याला मात्र ‘थांबा’ म्हणण्याची सोय नव्हती. कार्यस्थळाच्या कोणत्याही सुधारणेची पहिली कसोटी हीच असावी.