गर्वगीतातला समुद्र

‘कोलंबसाचे गर्वगीत’ (‘विशाखा’, १९४२) मध्ये कुसुमाग्रजांचा कोलंबस भर वादळात समुद्राला ललकारतो. कोल्हापुरात वाढलेल्या माझ्यासारख्याला समुद्र आधी या कवितेतूनच कळला, आणि शिडाची होडी म्हणजे जिद्द हे समीकरण डोक्यात पक्कं झालं. अलिबागजवळच्या खांदेरी-उंदेरीच्या पाण्यात ते पुरत नाही. तिथे पहाटेचा मतलई वारा धरून निघायचं, वारा पडला की वल्ही घ्यायची, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचं. १६७९मध्ये खांदेरीची नाकेबंदी करणारी इंग्रजांची मोठी गलबतं वारा पडला की जागीच अडकत. मराठ्यांच्या छोट्या होड्या वल्ही मारत रसद पोचवत. कविता थोर आहेच. पण तिच्यात माणूस समुद्राशी बोलतो, त्याचं ऐकत नाही. होडी चालते ती ऐकण्यावर.