‘८५ टक्के अपयश’ : आकडा उचलण्याआधी

ई-गव्हर्नन्सवरच्या माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर मी ठोकून दिलं होतं : विकसनशील देशांतले ८५ टक्के ई-गव्हर्नन्स प्रकल्प फसतात. गाईडनी तिथेच पेन थांबवलं. “फसतात म्हणजे नेमकं काय होतं?” मला सांगता येईना. मूळ पेपर मी वाचलाच नव्हता.

आकडा येतो रिचर्ड हीक्स यांच्या २००३ च्या वर्किंग पेपरमधून. ८५ ही खरं तर बेरीज आहे. ३५ टक्के पूर्ण अपयशी : सुरूच झाले नाहीत किंवा सुरू होताच सोडून दिले. ५० टक्के अंशतः अपयशी : मुख्य उद्दिष्टं हुकली किंवा नको ते परिणाम झाले. उरलेले १५ टक्के यशस्वी. तेही मोजून काढलेलं नाही, उपलब्ध पाहण्यांवरून बांधलेला अंदाज आहे. ‘अंशतः’ला ‘फसले’ म्हटलं की अर्धी माहिती गळून पडते.

पेपरची खरी ताकद आकड्यात नाहीच. प्रकल्पाच्या आराखड्यात गृहीत धरलेलं ऑफिस आणि प्रत्यक्षातलं ऑफिस यांत जितकं अंतर, तितका धोका जास्त, हे सूत्र मला आजही पटतं. माहिती, तंत्रज्ञान, कामाची पद्धत, माणसं, पैसा अशा अंगांनी ते अंतर तपासता येतं.

पण इथेच माझी तक्रार आहे. हे अंतर कुणी ठरवायचं? सातबारा घ्या. उतारा ऑनलाइन मिळतो, तलाठ्याकडे खेटे वाचतात. खात्याच्या दृष्टीने हे यशच. पण वडील गेल्यावर बहिणीचं नाव वारस म्हणून लागलंच नसेल, तर तिला तीच अपुरी नोंद आता फक्त लवकर मिळते. फेरफार अजूनही तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांच्या हातूनच व्हायचा असतो. एकच प्रकल्प, दोन निकाल. हीक्स वेगवेगळ्या गटांची उद्दिष्टं विचारात घेतात, पण शेवटी प्रकल्पाला एकाच खान्यात बसवतात. त्या बहिणीसाठी तिथे खाना नाही.

मी ते वाक्य खोडलं. त्या जागी आता प्रश्न आहे : कोणासाठी, कोणतं काम, किती काळाने पाहिलं तर यशस्वी? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा एखादा आयता आकडा असेल, तर व्हायव्हाआधी त्याची व्याख्या वाचून घ्या. नाहीतर ती तुम्हाला समोरचे विचारतील.