रिद्धपूरच्या पोथीतली शंका

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, 13व्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसं गाठून गोळा केल्या. ते ‘लीळाचरित्र’. परंपरा सांगते, मूळ पोथी धाडीत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. साहजिकच आठवणी जुळेनात. तरी त्या पुसल्या नाहीत. एका लीळेच्या सोबत दुसऱ्याची ‘वासना’, म्हणजे त्याला आठवतं तसं, तीही लिहून ठेवली. मला तर लीळेपेक्षा तिथेच जास्त रेंगाळावंसं वाटतं.

अमेरिकेत बी. एच. रॉबर्ट्स या मॉर्मन धर्मनेत्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’बद्दलच्या अडचणी 1922 मध्ये वरिष्ठांपुढे मांडल्या. त्याचं ते लेखन पुस्तकरूपात आलं 1985 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर 52 वर्षांनी.

आपल्याकडे उलटं झालं. महानुभावांनी शंका पानावर ठेवली आणि अख्खं पानच सकळ लिपीत कुलूपबंद केलं. विसावं शतक उजाडेपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हतं. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती 1978 मध्ये आली, तेव्हाही पंथातून आक्षेप आलेच.

आणि आम्हाला कॉलेजात नेमलेल्या उताऱ्यांत एकही वासना नव्हती. ती असते, हेच मला फार उशिरा कळलं.