वर्गातला वेळ मोजताय? आधी मोजपट्टी तपासा

'अध्यापन वेळेचा परिणामकारक वापर' हा विषय सिनॉप्सिससाठी सोपा वाटतो. घड्याळ आहे, वर्ग आहे, निरीक्षण करायचं आणि टक्केवारी काढायची. पण नेमकं काय मोजायचं, इथेच बहुतेक आराखडे घसरतात. म्हणून आज यातल्या सगळ्यात वापरल्या जाणाऱ्या साधनाकडे, स्टॉलिंग्ज निरीक्षण पद्धतीकडे, जरा चिकित्सक नजरेने बघू.

जेन स्टॉलिंग्ज यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत तयार केली. एका तासिकेत ठरावीक अंतराने १० वेळा वर्गाचं 'चित्र' टिपायचं, प्रत्येक वेळी साधारण १५ सेकंद. शिक्षक काय करतायत, मुलं कशात गुंतलीत, साहित्य कोणतं, हे सगळं नोंदवायचं. जागतिक बँकेच्या ब्रन्स आणि ल्यूक यांनी २०१४ च्या अहवालात लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या सात देशांतले १५,००० हून जास्त वर्ग असेच पाहिले. चांगल्या वर्गात ८५ टक्के वेळ अध्यापनाला जावा, हा निकष. एकाही देशाची सरासरी ६५ टक्क्यांच्या वर गेली नाही.

आकडा जबरदस्त आहे. पण त्याच्या आत काय आहे ते बघा. फळ्यावरचं वहीत उतरवून घेणं हेसुद्धा 'अध्यापना'तच धरलं जातं. म्हणजे प्रश्नोत्तरं उतरवण्यात अख्खी तासिका गेली, तरी तो वर्ग ८५ टक्क्यांचा निकष सहज ओलांडेल. खरं तर मूळ नोंदपत्रकात उतरवून घेण्याचा रकाना वेगळा असतो, किती मुलं त्यात सामील आहेत तेही नोंदवलेलं असतं. आपण मात्र सगळ्याची बेरीज करून एकच टक्का छापतो. हा दोष साधनाचा कमी आणि आपला जास्त.

दुसरी अडचण गणिताची. १० गुणिले १५ सेकंद म्हणजे अख्ख्या तासिकेतली फक्त अडीच मिनिटं, आणि प्रत्येक चित्राचं वजन १० टक्के. त्यातल्या एका चित्राच्या वेळी शिक्षक दारात पालकाशी बोलत असले, की ८० चे ७० झाले! हजारो वर्गांच्या सरासरीत अशी चूक विरघळते. तुमच्या चार शाळांच्या नमुन्यात ती विरघळणार नाही. तिथे ती 'निष्कर्ष' म्हणून छापली जाईल आणि ठपका त्या शिक्षकावर बसेल.

मग करायचं काय? सिद्धांताकडे परत जा. जॉन कॅरल यांनी १९६३ मध्येच सांगितलं होतं की शिकणं दोन गोष्टींवर ठरतं: मुलाने दिलेला वेळ आणि त्याला लागणारा वेळ. डेव्हिड बर्लिनर यांच्या मांडणीत आणखी एक अट आली: मूल कामात गुंतलेलं हवं आणि ते काम त्याला बऱ्यापैकी जमतही असायला हवं. आपला शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगतो. तो झाला नेमून दिलेला वेळ. तिथून शिकण्यापर्यंतची गळती कुठे होते, हा खरा संशोधन प्रश्न.

तेव्हा नुसता टक्का देऊ नका. रकाने वेगळे ठेवा, एकाच वर्गात अनेकदा बसा आणि दोन-चार मुलांच्या वह्या उघडून पाहा. मार्गदर्शकांनी 'व्याख्या काय?' असं विचारल्यावर उत्तर तिथूनच मिळेल.