खातेदार : देशपांडे, धरणगाव

आमच्या आष्टीत दोन गोष्टी वेळेवर येत नाहीत : पाऊस आणि कर्जाचा हप्ता. पहिली आली नाही म्हणून दुसरी कशी आली नाही, हे वीस वर्षं काउंटरवर ऐकून मला पाठ झालंय. त्यामुळे महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' वाचायला घेतलं तेव्हाही हात आपोआप पेन्सिलीकडे गेला.

१९८५ साली विजया मेहतांनी रंगभूमीवर आणलेल्या या नाटकावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. सरंजामशाहीचा ऱ्हास वगैरे. मी पडलो बी. कॉम. मला दिसलं ते एक थकीत खातं. तात्याजी वारलेत, घरात रोकड नाही, तरी तेराव्याला गावजेवण घालायचंच. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर, घरात पिढीजात सोनं. आमच्या भाषेत, तारण भक्कम आणि परतफेड शून्य!

एक तक्रार मात्र नोंदवतो. रंजू सोनं घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळते, तो प्रसंग मला जरा सोयीचा वाटला. सोनं घरातच राहिलं असतं तरी वाडा वाचला नसता. प्रभाला शिकायचं होतं, तात्याजींनी शिकू दिलं नाही. खरी तूट तिथं पडलीय. हे तात्याजी रंगमंचावर एकदाही येत नाहीत, पण घर चालतं त्यांच्याच सहीनं. खलनायक शोधायला जावं तर सगळी आपल्यासारखीच माणसं. नाटकाची ताकद ती.

हे सगळं मी ताईला ऐकवलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पुढं नगरला कॉलेजात जायचं म्हणत होती. अण्णा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." त्या साली विहिरीला पाणी लागलं नव्हतं. पुढचं वर्ष तिच्यासाठी आलंच नाही. माझ्यासाठी मात्र वेळेवर आलं, होस्टेलच्या फीसकट.

ताईनं दोन दिवसांत पुस्तक वाचून परत दिलं.

"कसं वाटलं?"

"बरंय की. पण मी म्हणते, तो ट्रॅक्टर भंगारात घातला असता, तरी त्या पोरीची फी निघाली असती."

आणि भाजी निवडायला बसली.

मी पुस्तकातल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा पुन्हा चाळल्या. वीस वर्षं बँकेत काढली, पण एवढी साधी बेरीज माझ्याकडून राहूनच गेली होती.