रेव्हरंड टिळक : पाळकाची वाणी आणि जातीचा प्रश्न

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मराठी समीक्षेने फुलामुलांचे कवी ठरविले आणि ख्रिस्ती समाजाने भक्तकवी म्हणून जपले. मला त्यांच्याकडे पाळक म्हणून पाहायचे आहे. माणसांपुढे उभे राहून बोलणे आणि त्यांच्या सुखदुःखाची जबाबदारी घेणे हे पाळकाचे काम. टिळकांसमोर बसलेली माणसे बहुतांशी आमचीच होती. म्हणून ही तपासणी दलित वाचकाने केली पाहिजे.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. प्राथमिक शाळा त्यांनी आमच्या कल्याणात केली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली. अमेरिकन मराठी मिशनच्या तिथल्या मंडळ्यांत महार-मांग समाजातून आलेले लोक बहुसंख्य होते.

त्यांनी या लोकांना काय दिले? पहिली गोष्ट म्हणजे भाषा. भाषांतरित शब्द आणि परकी चाल यांत अडकलेली उपासना त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तनाच्या वाटेने मराठी केली. ‘उपासना संगीता’तली त्यांची कितीतरी गीते आजही गायिली जातात. आपल्या बोलीत देवाशी बोलता येणे ही अपमानित माणसाला लहान गोष्ट नव्हे. 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या आश्रयाबाहेर पडण्याचे हे धैर्य मान्य केलेच पाहिजे.

परंतु प्रश्न इथेच सुरू होतो. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यांच्यापुरते ते खरे आहे. पण समोर बसलेल्या महाराचे काय? त्याच्या पूर्वजाची, चोखामेळ्याची, समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर पायरीशी आहे. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते देऊळ अस्पृश्यांना उघडले, ते 1947 साली. म्हणजे टिळक ज्या पुलाचे गुण गात होते, त्याच्या अलीकडच्या टोकालाच श्रोत्याला अडवलेले होते. पाळकाने आपल्या वाटेवरून सगळ्या मंडळीची वाट ठरविली.

टिळकांच्या भक्तिगीतांत पाप आहे, पश्चात्ताप आहे, ख्रिस्तावरचे उत्कट प्रेम आहे, देशप्रेमही आहे. जातीने केलेला अन्याय मात्र त्यांचा मध्यवर्ती विषय होत नाही. हा दोष एकट्या टिळकांचा नव्हे. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरील आपल्या लेखात याच जागी बोट ठेवले आहे. हिंदू असताना त्याला सांगितले, तुझी दशा पूर्वजन्मीच्या कर्माची. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले, ती पूर्वजांच्या पापाची. दोन्हीकडे अपराधी तोच! व्यवस्था सुटली ती सुटलीच. 1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना, तुमच्यातल्या शिकलेल्यांनी अन्यायाविरुद्ध चळवळ का केली नाही, असा सवालही त्यांनी केला होता.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. आपले सोवळे कसे हाडामांसात मुरलेले होते, दुसऱ्या जातीच्या हातचे पाणी पिणे किती जड गेले आणि जात माणसाने केली हे कळल्यावर ती कशी टाकली, हे त्या काहीही न लपवता सांगतात. जे उपदेशपीठावरून सांगायला हवे होते ते या बाईने स्वयंपाकघरातून सांगितले. माझ्या मते मराठी ख्रिस्ती साहित्यातले जातीवरचे खरे प्रवचन हेच होय.

कोणी म्हणेल, पाळकाचे काम आत्म्याचे, समाजाचे नव्हे. मग नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा कोणता भाग वाचला? दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, ठेचलेल्यांना मुक्ती. त्याचे बोलणे संपेपर्यंत गाव त्याला कड्यावरून लोटायला निघाले. लोकांना नुसते गोड वाटावे असे ते प्रवचन नव्हते.

कल्याण, अंबरनाथच्या वस्त्यांतल्या रविवारच्या उपासनांना मी बसलो आहे. दुखणे, कर्ज, नवऱ्याची दारू, पोराची नोकरी, या सगळ्यांसाठी तिथे कळवळून प्रार्थना होते. पाळक रात्री-अपरात्री रुग्णालयात धावतात. त्या सेवेची थट्टा मी करणार नाही. पण जातीचे नाव तिथे मी ऐकलेले नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातींतून वगळले. शिखांना 1956 साली आणि बौद्धांना 1990 साली त्या यादीत स्थान मिळाले. ख्रिस्ती दलित बाहेरच आहे. कागदावरची जात गेली, वस्तीतली राहिली. हे दुःख प्रार्थनेत का येत नाही?

हा सवाल आम्हा बौद्धांनाही चुकणार नाही. विहारातली देसना केवळ वंदनेपुरती उरली, तर आमचा उपदेशकही त्याच रांगेत उभा राहील. मेंढरांना पाळतो तो पाळक. मेंढरू कोणी फाडले हे माहीत असून जो फक्त जखम बांधतो, त्याची सेवा अर्धीच राहते. लांडग्याचे नाव त्याने मंडळीसमोर मोठ्याने घेतले पाहिजे.