कुरणाचे विरजण

गोंदिया-भंडाऱ्याच्या मुलखाला आपण झाडी म्हणतो. तिथली बोली ती झाडीबोली, तिथले नाटक ते झाडीपट्टीचे. ज्या प्रदेशाचे नावच झाडांवरून पडले, तिथे गवताची दखल कोण घेणार? मराठीतील वनविषयक ललित लेखनाची गतही काहीशी अशीच झाली आहे. त्यात वृक्ष आहेत, पाखरे आहेत, वाघ तर आहेच आहे. गवत मात्र वाघाला दडण्यापुरते आणि चितळाला चरण्यापुरते येते. आणि त्या गवताच्या मुळाशी काय चालते, हा प्रश्न आपल्या ललित गद्याला क्वचितच पडलेला दिसतो.

ही तक्रार करताना मारुती चितमपल्लींचे नाव आधी घ्यायला हवे, कारण नवेगाव बांध मराठी वाचकाच्या मनात वसवला तो त्यांनी. कोलू पाटील कोहळ्याचा तो तलाव, त्यावर उतरणारी पाखरे, माधवराव पाटलांसारखे रानाचे जाणकार, हे सारे त्यांच्या लेखनातून आपल्या घरात आले. वनाधिकाऱ्याची नोंदवही आणि रानातल्या माणसाची जीभ यांची त्यांनी घातलेली सांगड मराठीला नवी होती. २०२५ साली ते गेले. त्यांच्यामागून लिहिणाऱ्यांनी मात्र त्यांचे पक्षी तेवढे उचलले. एका जागी वर्षानुवर्षे बसून राहण्याची त्यांची चिकाटी उचलली नाही. गवत समजायला नेमकी तीच लागते. पक्षी क्षणात दिसतो, कुरण दहा वर्षांत दिसते.

गवताविषयीच्या आपल्या उदासीनतेचे मूळ भाषेतही आहे. ‘माळ’ म्हटला की ‘ओसाड’ हे विशेषण लेखणीतून आपोआप उतरते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ हा याला अपवाद, आणि तोही उलट्या बाजूने: गवत उगवले नाही म्हणजे वाडीच्या वाडी कशी उठते, हे त्या कादंबरीने दाखवले. परंतु एरवी माळ म्हणजे जिथे काहीच नाही अशी जागा, कोणे एके काळी तिथे घनदाट अरण्य असणार आणि माणसाने ते तोडले असणार, हे आपण गृहीत धरून चालतो.

या गृहीतकाला धक्का दिला तो कोणा साहित्यसमीक्षकाने नव्हे. २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा निबंध आला. तेराव्या शतकापासूनची मराठी चरित्रे, आख्याने, लोकगीते वाचून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील वनस्पतींचे उल्लेख वेचले. ४४ रानवनस्पती सापडल्या. त्यांपैकी २७ उघड्या, गवताळ मुलखाच्या खुणा ठरल्या आणि दाट जंगलाच्या अवघ्या तीन. निदान साडेसातशे वर्षे तो प्रदेश माळच होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे काम खरे तर आपल्या मराठीच्या प्राध्यापकांचे. आपण ओवीतला भक्तिरस मोजत बसलो, आणि ओवीतले झुडूप ओळखायला शास्त्रज्ञाला यावे लागले!

तथापि हा निष्कर्ष उचलून थेट गोंदियात आणून ठेवणे ही दुसरी चूक होईल. तो पुरावा पर्जन्यछायेतील मुलखाचा आहे. गोंदियात पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तिथली पुष्कळशी उघडी जमीन कुऱ्हाडीने आणि नांगराने उघडी झालेली आहे. तिथे प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचे. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. या जंगलातून कालीमाटी, कवलेवाडा, झनकारगोंदी ही गावे उठली. माणसे गेली, धानाच्या बांध्या मागे राहिल्या. विदर्भातील व्याघ्रप्रकल्पांत उठलेल्या गावांच्या अशा जमिनींवर कुरणे उभी करण्याचे काम चालते. हरणांना चारा हवा आणि वाघाला हरणे हवीत, हा त्यामागचा सरळ हिशेब.

पण बांधी सोडली म्हणजे कुरण होत नाही. आधी तरोटा माजतो, रानतुळस आणि घाणेरी येते. पवन्या, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते सहजी परतत नाहीत. बी पेरूनही पुष्कळदा पेरणाऱ्याच्या पदरी निराशा येते. याचे एक कारण जमिनीखाली आहे. बहुतेक गवतांच्या मुळांत एक सूक्ष्म बुरशी शिरते, मुळाच्या पेशीत झाडासारख्या बारीक फांद्या फोडते आणि आपले तंतू मुळाच्या पल्याड मातीत पसरते. मुळाचा हात पोचत नाही तिथला स्फुरद ती आणून देते. मोबदल्यात गवत तिला साखर पुरवते. अशा मूळ-बुरशीच्या सहवासाला आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली नाव दिले, तेच आजचे ‘मायकोरायझा’. आता धानाच्या बांधीत काय होते ते पाहा. दर पावसाळ्यात पाणी कोंडले जाते, त्या चिखलात हवा राहत नाही आणि ही बुरशी क्षीण होते. नांगर तिचे तंतू तोडतो. खताचा स्फुरद आयता मिळाला की पिकालाही तिची गरज उरत नाही. शेतकरी उठून जातो तेव्हा मागे जी माती राहते, ती दिसायला काळी आणि कसदार, पण ही जुनी सोबत हरवलेली असते.

अमेरिकेच्या प्रेअरीत हाच पेच आधी पडला होता. उंच गवताची ती कुरणे नांगराखाली जाऊन मूळच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी उरली. विस्कॉन्सिनमध्ये १९३० च्या दशकातच पडीक शेतावर प्रेअरी पुन्हा वसवण्याचा उद्योग सुरू झाला. आल्डो लिओपोल्ड त्यात होते. पण ज्या वनस्पती प्रेअरीत सर्वांत शेवटी येतात, त्या यायला फार काळ लागे. लिझ कोझिऑल आणि जेम्स बेव्हर यांनी २०१७ साली दाखवले की, मूळच्या कुरणातली स्थानिक बुरशी वाढवून ती रोपांबरोबर लावली, तर वनस्पतींची विविधता वाढते आणि हा क्रम लवकर पुढे सरकतो. उशिरा येणाऱ्या त्या वनस्पती बुरशीवर अधिक विसंबून असतात.

हे मराठीत सांगायचे कसे? इथे माझ्यासारख्या शब्दांच्या माणसाचा संबंध येतो. ‘बुरशी’ म्हटले की लोणच्यावरची पांढरी साय आठवते आणि नाक मुरडले जाते. ‘कवक’ हा पाठ्यपुस्तकात जन्मलेला आणि तिथेच वारलेला शब्द. भूछत्राला तर आपण कुत्र्याची छत्री म्हणून मोकळे होतो. झाडीतला माणूस त्या मानाने रसिक. वारुळावर उगवणाऱ्या सात्या तो पावसाळ्यात हुडकून आणतो आणि चवीने खातो. (सात्यांची बुरशी वाळवी पाळते ती, गवताच्या मुळातली नव्हे, पण निदान एका बुरशीला प्रेमाचे नाव आहे, हेही थोडके नाही.)

अलीकडे एक तिसरीच भाषा आली आहे. १९९७ साली सुझॅन सिमार्ड यांचा बर्च आणि फर या झाडांवरचा निबंध ‘नेचर’मध्ये आला, आणि त्या अंकाच्या मुखपृष्ठावरून ‘जंगलाचे विश्वजाल’ ही कल्पना जगभर गेली. आता आपल्याकडेही झाडे एकमेकांशी बोलतात, माता-वृक्ष पिल्लांना भरवतो, असे लेख रविवारच्या पुरवण्यांत गहिवरून लिहिले जातात. जस्टिन कार्स्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०२३ साली तपासून सांगितले की, अशा लोकप्रिय विधानांपैकी बऱ्याच विधानांना प्रत्यक्ष जंगलातला पुरावा तोकडा आहे. मला त्याहून खटकते ते निराळेच. ही प्रतिमा मातीतून आलेली नाही, टेलिफोनच्या खांबावरून आलेली आहे. ती वाचून माणूस थक्क होतो. पण हातात फावडे घेऊन काय करावे, हे त्याला उमगत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात याहून नेमका शब्द पडून आहे: विरजण. जुन्या कुरणातली थोडी माती नव्या रोपाच्या मुळाशी घालणे म्हणजे दुधाला विरजण लावणे. विरजणाला घाई चालत नाही, दूध फार तापलेले चालत नाही, आणि घरचे विरजण लागते तसे कुठलेही लागेल असे नाही. फळबागांसाठी मायकोरायझाच्या पुड्या बाजारात मिळतात. पण कोझिऑल-बेव्हर यांचा भर स्थानिक बुरशीवर होता, आणि ‘विरजण’ म्हणताच तो भर कोणाही गृहिणीला न सांगता कळतो. प्रतिमा चांगली की वाईट, याची माझ्या मते हीच कसोटी आहे.

विदर्भाला हा विचार अगदीच परका नाही. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या राडारोड्यावर नीरी या संस्थेने साखर कारखान्याची मळी, जिवाणू आणि हीच मूळबुरशी वापरून हिरवळ उभी केली. काम मोलाचे आहे. पण लावली ती झाडे! बुरशी मिळाली तरी डोळा झाडीचाच राहिला.

गोंदियात विरजण कुठे शोधावे? माझी नजर धुऱ्यावर जाते. बांधी दरसाल नांगरली, चिखलवली. धुरा मात्र पाण्याच्या वर राहिला आणि नांगराच्या बाहेर. कुठले गवत कुठल्या धुऱ्यावर टिकते, हे गुरे राखणाऱ्या गोवाऱ्याला आणि बांधीच्या धन्याला ठाऊक, आणि गाव उठले की त्यांच्याबरोबर ती माहितीही उठते. कुरण उभारणीच्या कामावर त्यांना मजूर म्हणून घेता येईल. जाणकार म्हणून घेतले तर काम वेगळे होईल. चितमपल्लींनी नवेगावात पाखरांसाठी जे केले, म्हणजे जाणत्याच्या शेजारी बसून नावे ऐकली, ते गवतासाठी करणारा लेखक आता यायला हवा.

तो या दिवसांत आला तर बरे. पाडव्याला इकडे गायगोधन होते, गोवारी ढाली घेऊन नाचतात, आणि याच सुमाराला कुसळी पिकते. तिचे कुसळ धोतराला चिकटते म्हणून आपण वैतागतो. पण जमिनीवर पडलेले तेच कुसळ रात्रीच्या दवाने उलगडते, दिवसाच्या उन्हाने पुन्हा पीळ घेते आणि असे फिरत फिरत बी मातीत रोवते. ते बी धुऱ्यापाशी रुतते की बांधीच्या मधोमध, यावर पुढचे बरेच अवलंबून असते.